दर्याकाठची पत्रं

१

भाईदास पाटलाला दर्या बघायचा होता. तो तापीच्या गुडघाभर पाण्यात मेला.

सारंगखेड्याच्या उतारावर झिपरू नावाडी पहाटे नाव सोडायला आला, तेव्हा त्याला आधी एक तांब्या दिसला. नवा, छोटा, पाण्यात आडवा पडून काठाच्या दगडावर टकटक आपटत होता. त्याच्या पलीकडे पांढरं धोतर. कोणी धुवायला आणून विसरलं असेल, असं झिपरूला वाटलं. मग त्या धोतरातून पाय दिसले.

झिपरू धावत आला, तेव्हा गावचे पोलीस पाटील दिलवरसिंग गिरासे चुलीपुढे बसून स्वतःचा चहा स्वतः करत होते. बायको जसोदाबाई जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिने ते रोज चहा करत होते आणि साखर किती घालायची ते अजून जमत नव्हतं.

"बापू, चला. भाईदास पाटील पानीमा पडेल शे. उठी नही ऱ्हायना."

सन एकोणीसशे सेहेचाळीसचा पौष होता. थंडी अशी की नदीवर वाफ उभी होती. काठावर दोन बैलगाड्या भरून तयार होत्या. त्याच सकाळी भाईदास, त्याची बायको पार्वतीबाई आणि शेजारी करणसिंग असे तिघं नदी उतरून दोंडाईचाला आगगाडी धरणार होते. तिथून सुरत, आणि सुरतेहून पुढे दर्या.

दिलवरसिंगांनी प्रेत पाहिलं. भाईदास पालथा पडला होता. नाकातोंडात वाळू. डोकं मागच्या बाजूने फुटलं होतं.

"घसरना व्हई," झिपरू म्हणाला.

"घसरीसन पालथा पडेल मानूसनं डोकं मांगून कसं फुटस रे?"

 झिपरू दोन पावलं मागे सरकला.

करणसिंग काठाने धावत आला आणि प्रेताजवळ बसून लहान पोरासारखा रडला. त्याच्या कोऱ्या जोड्यांत ओली वाळू भरली होती, पण त्या वेळी काठावरच्या सगळ्यांच्याच पायांना वाळू होती. पार्वतीबाई गाडीतून उतरून आली ती रडली नाही. तिने आधी काठावर पडलेली नवऱ्याची पिशवी उलटी केली. टॉवेल, अडकित्ता, आरसा. पिशवीत एक पत्र्याची डबी असायला हवी होती. भाईदास ती झोपतानाही उशाशी घ्यायचा. डबी नव्हती.

मग पार्वतीबाईने मागे वळून बोट दाखवलं. मागे तिची धाकटी जाऊ रंजनाबाई उभी होती, हनुवटीपर्यंत पदर ओढून. पदराचं टोक ओलं होतं.

"इले इचारा, बापू! अंधारमा नदीवर गयती हाई. मी दखी इले. इले नको व्हतं आम्हनं जानं!"

२

त्या डबीत पैसे नव्हते. पत्रं होती, दहा.

भाईदासचा धाकटा भाऊ गिरधर अकरा वर्षांपूर्वी, घोड्यांच्या यात्रेनंतर, घरात भांडून निघून गेला. "मी दर्यावर जाई ऱ्हायनू," एवढंच तो म्हणाला होता. त्याला दोंडाईचाला गाडीत बसवून दिलं, असं करणसिंग सांगे. बाकी कोणी त्याला जाताना पाहिलं नाही. पुढच्या यात्रेला पहिलं पत्र आलं. घोड्यांचा व्यापारी उदेसिंग दर वर्षी काठेवाडला जनावरं आणायला जाई, त्याने ते आणलं. सुरतेच्या धर्मशाळेत एक खलाशी देऊन गेला म्हणे. मी बोटीवर आहे, खुशाल आहे, मी येईपर्यंत माझं वावर करणसिंगने कसावं, असं त्यात होतं.

भाईदासला वाचता येत नव्हतं. गिरधरलाही येत नव्हतं, तो दुसऱ्याकडून लिहून घेत असेल असं सगळे धरून चालले. भाईदासला पत्रं वाचून दाखवायचा करणसिंगच.

पुढे दर यात्रेला एक पत्र येत गेलं. कधी डुमसहून, कधी दमणहून, कधी दीव बेटावरून, कधी बेट द्वारकेहून. नारळाची झाडं, पांढरी घरं, पौषातही अंगात सदरा नको अशी हवा. लढाई चालू होती तोवर कोणी जायची गोष्ट काढली नाही. लढाई संपली, बोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि भाईदासने ठरवलं की भाऊ जिथे जिथे राहिला ती सगळी गावं बघायची. बायकोचे गुडघे थंडीत धरतात, तिला ऊब मिळेल. दर्या बघू. भाऊ भेटला तर घेऊन येऊ.

दिवाळीपासून त्याच्या ओसरीवर दुसरा विषय नव्हता. करणसिंग रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसे आणि भाईदास बोटावर गावं मोजे. तीनदा तारीख ठरली आणि तीनदा मोडली. एकदा करणसिंगला दीवकडच्या बोटीचा बेत चुकीचा वाटला. एकदा तिकडे तापाची साथ आहे असं त्याने ऐकलं. शेवटी भाईदास चिडला. "तू ऊ नको, मी एकला जासू," म्हणाला. मग करणसिंगही निघाला. पौषात कोणी शुभ कामाला निघत नाही, असं गावाने सांगून पाहिलं. भाईदासने ऐकलं नाही.

दिलवरसिंग ते बेत ऐकायला कधी कधी जाऊन बसत. त्यांना दर्याबद्दल एवढंच माहीत होतं, जेवढं चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात जसोदाच्या खाटेशी बसून त्यांनी ऐकलं होतं. तिथे रत्नागिरीकडची एक नर्स होती. जसोदा तिला रोज दर्याबद्दल विचारायची. एक दिवस तिने असं काही विचारलं की ती नर्स भिंतीला टेकून हसत राहिली. दिलवरसिंगांनाही हसू आलं होतं. त्यानंतर नऊ दिवसांनी जसोदा गेली.

शहाद्याचे फौजदार तिसऱ्या दिवशी येणार होते. त्यांना कागदावर एक नाव लागणार होतं, आणि गावाने ते नाव आधीच ठरवून टाकलं होतं. दिलवरसिंग रंजनाबाईसमोर जाऊन बसले.

"माय, खरं सांग. मी नाव लिखं नही तर फौजदार लिखी. तू कसाले गयी व्हती नदीवर?"

"जेठले सांगाले, जाऊ नका म्हनीसन."

 या घरात धाकटी सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. वीस वर्षांत रंजनाबाईचा एक शब्द भाईदासने ऐकला नव्हता.

"काबर जाऊ नका?"

पदरातून आवाज आला. "त्या पत्रं तेस्ना नव्हतात, बापू."

"तुले कसं समजनं?"

"आम्हनी एक पोर व्हती. सहा महिनानी गयी. तिना बाप घर सोडी गयात तेच वरीसले. तिले मांडीवर लिसन रात रात बसेत त्या. अकरा पत्रं उनात. एकमा भी तिनं नाव नही."

"मंग अकरा वरीस बोलनी काबर नही?"

रंजनाबाईने दोन्ही हात पुढे केले. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

"पत्र येस तोवर मी सवासीन शे, बापू. बोलनू असतू तर ह्या कोन फोडतं?"

 गावाकडे नुसता संशय होता. मारायचं कारण आता तिने स्वतःच्या तोंडाने दिलं होतं.

३

"तठे गऊ तर दुसरा कोनी मानूस व्हता," रंजनाबाई पुढे म्हणाली. "बोलनं ऐकू उनं. मी पदर वढा नि माघारी फिरनू. फिरता फिरता पाय घसरना, पदर पानीमा पडना."

"कोन व्हता?"

"तोंड कसं दखाई? पदरमाईन पायच दखातस. जेठना पाय उघडा व्हतात. दुसराना पायमा कोरा जोडा. करकर वाजे."

यात्रा नुकतीच उठली होती. निम्म्या गावाने कोरे जोडे घेतले होते. भाईदास आणि करणसिंगने तर एकाच मोच्याकडून, प्रवासासाठी म्हणून. दिलवरसिंगांनी मान हलवली. फौजदार एवढ्यावर तिला सोडणार नव्हता.

करणसिंग स्वतःच त्यांच्याकडे आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"बापू, मी बाईमानूसवर आळ लेवाव नही," तो म्हणाला. "पन एक सांगस. यात्रामा भाईदासनं नि उदेसिंगनं वाजनं व्हतं. पत्र देस तो खलाशी कोन, नाव सांग, म्हने भाईदास. उदेसिंग नाव सांगेच ना. आते तो कोठे शे, इचारा."

दिलवरसिंगांनी चौकशी केली. उदेसिंग घरी नव्हता. भाईदास मेला त्याच सकाळी तो घोडी घेऊन गावाबाहेर पडला होता. कुठे, ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी झिपरू नदीवरून येताना भेटला. दिलवरसिंग काठावर बसले होते. पाण्यापलीकडे उघड्या पडलेल्या वाळूत लोकांनी टरबुजाच्या वाड्या लावल्या होत्या. खड्ड्याखड्ड्यात शेणखत टाकून वेल धरले होते.

"बापू, उदेसिंग घोडा विकस, मानूस नही मारस," झिपरू म्हणाला. "मारानी हिंमत करणसिंगनी. मांगला पावसायामा गोठामा नाग निंघना, एक काठीमा गार! नि गिरधरना वावरमा त्यानीच नागोबाना ओटा बांधेल शे. शेंदूर लायेल. मी म्हनं, भो, वावरना नाग देव नि गोठाना नाग साप का? तर माले शिव्या दिन्यात."

तो हसला. दिलवरसिंग हसले नाहीत. तो ओटा त्यांना माहीत होता. रंजनाबाई दर नागपंचमीला तिथे दूध वाहायची.

पण त्या वेळी ते दुसराच विचार करत होते. पत्र्याची डबी कुठे गेली? एका जागी अजून कोणी पाहिलं नव्हतं. काठावरून परत आणलेल्या प्रवासाच्या गाड्या भाईदासच्या अंगणात तशाच भरलेल्या उभ्या होत्या. सुतकाच्या घरात त्यांना हात कोण लावणार?

४

तिसऱ्या दिवशी सकाळी दिलवरसिंगांनी गाड्या उतरवल्या. गाद्या, कंदील, लोणच्याची बरणी. डबी नाही. तळाशी शिदोरीची दोन गाठोडी होती, एक भाईदासच्या घरचं, एक करणसिंगच्या. डबी त्यात असेल म्हणून त्यांनी दोन्ही सोडली.

पार्वतीबाईच्या गाठोड्यात दशम्या होत्या, चाळीस तरी असतील. तीन दिवस झाले होते, तरी मऊ. तुकडा मोडला तर दुधाचा वास आला.

करणसिंगच्या गाठोड्यात चार पोळ्या होत्या. चारच. कातड्यासारख्या वातड झालेल्या.

दिलवरसिंग त्या चार पोळ्यांकडे बघत राहिले. बायको असती तर त्यांना हे दिसलंही नसतं. चिंचपाड्याला जायच्या आदल्या दिवशी जसोदा तापात बसून कणीक मळत होती. "पानीना एक थेंब नको पडाले," म्हणाली होती. लांबच्या वाटेला निघालेला माणूस दशमी नेतो. कणीक निव्वळ दुधात मळायची, म्हणजे आठ दिवस टिकते आणि परक्या गावात, परक्या चुलीजवळ बसूनही खायला चालते. पाण्यात मळलेली पोळी वावरात जायला ठीक. ती घेऊन द्वारकेला कोणी निघत नाही.

ते उठून करणसिंगच्या घरी गेले. करणसिंग वावरात होता. त्याची बायको भिकुबाई दळत होती.

"भिकुबाई, दशम्या कशा नही केल्यात?"

भिकुबाई एकदम लाजली, मग रागावली. बाईच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होतं ते.

"मी काय येडी शे का, बापू? दोन शेर दूध लिसन बठनू व्हतू. तर आम्हना घरधनी म्हनेत, दूध राहू दे, चार साध्या पोया बांध. मी म्हनं, आठ दिन काय खाशात? तर वसकनात मन्हावर."

"कवय म्हनात?"

"आदला दिन. दिवा लावाना टाइमले."

दिलवरसिंग पायरीवर बसले. आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, करणसिंगला ठाऊक होतं की उद्या कोणी जाणार नाही. दूध वाया घालवायचं नव्हतं त्याला. जोडे कोरे घेतले, कारण जोडे गावाला दिसतात. पोळ्या फडक्यात बांधलेल्या असतात.

पण का? अकरा वर्षं ज्याच्या भावाची पत्रं वाचून दाखवली, त्याला का मारायचं? आणि फौजदाराला काय सांगायचं, चार पोळ्या वातड निघाल्या म्हणून?

ते भाईदासच्या घरी परत आले तेव्हा रंजनाबाई दारात उभी होती. तिच्या हातात एक घडी केलेला कागद होता.

"डबीमा दहाच व्हतात, बापू," ती म्हणाली. "अकरावं मनपान शे."

५

अकरावं पत्र याच यात्रेला आलेलं होतं. करणसिंगने वाचून दाखवल्यावर रंजनाबाईने ते देवामागे लपवलं. हे शेवटचं असेल असं तिला वाटलं होतं.

दिलवरसिंग चौथीपर्यंत शिकलेले होते. करणसिंगखेरीज दुसऱ्या कोणी त्या पत्रांतलं एखादं वाचायची ही पहिलीच वेळ. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढल्यासारखं होतं.

"दीव बेट. मी खुशाल आहे. दादाने इकडे येण्याची तसदी घेऊ नये, बोटीचा भरवसा नाही. हवा उबदार आहे. दिवाळीपासून दर्याचं पाणी उतरत आहे. मैलभर वाळू उघडी पडली आहे. लोकांनी वाळूत वाड्या लावल्या. शेणखत घालून टरबुजाचे वेल धरले आहेत. होळीपर्यंत फळ येईल."

त्यांनी एकदा वाचलं. काही खटकलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि त्यांचं बोट टरबुजांच्या ओळीवर थांबलं.

चिंचपाड्याची ती खाट त्यांना दिसली. नर्स सांगत होती, "आमच्याकडे दिवसातून दोनदा पाणी येतं नि दोनदा जातं. सकाळी जिथे उभं राहावं, तिथे दुपारी गळ्याइतकं पाणी." जसोदाने थोडा विचार केला आणि काळजीने विचारलं, "मंग टरबूज कोठे लावतस तुम्ही?" नर्स भिंतीला टेकली. "अहो बाई, त्या वाळूत मीठ आहे सगळं! गवताची काडी उगवत नाही."

जसोदाने आयुष्यभर एकच पाणी पाहिलं होतं. पावसाळ्यात चढणारं आणि दिवाळीनंतर उतरणारं, आपल्यामागे वाळू टाकून जाणारं. हे पत्र लिहिणाऱ्यानेही तेवढंच पाहिलं होतं. तो दीव बेटावर नव्हता. तो तापीच्या काठावर बसून लिहीत होता. आणि भाईदासला ते खटकलं नाही, कारण भाईदासही त्याच काठाचा.

दुपारी उदेसिंग परत आला. दोंडाईचाला घोडी विकायला गेला होता. भाईदास मेल्याचं त्याला वाटेत कळलं होतं, आणि त्याचा चेहरा उतरला होता. दिलवरसिंगांनी त्याला वेशीवरच थांबवलं.

"उदेसिंग, तू दर्या दखेल शे?"

"वीस वरीसपासून दखी ऱ्हायनू, बापू."

"दर्यानी वाळूमा टरबूज कसा व्हतस?"

उदेसिंगला वाटलं पाटलांचं डोकं फिरलं. "दर्यामा टरबूज? त्या खारामा? बापू, बायको गई तवयपासून तुम्ही जेवतस का नही बरोबर?"

"गिरधर लिखस, व्हतस म्हने." दिलवरसिंगांनी पत्र पुढे धरलं. "तुले वाचता येस नही, नहीते तूच हसता. हाई पत्र लिखनारानी दर्या दखेल नही. तू दखेल शे. म्हनीसन तू लिखं नही. तू फक्त आनं. नि सुरतहून भी आनं नही. गावमाच कोनी तरी तुन्हा हातमा दिधं. अकरा वरीस. बरोबर?"

उदेसिंग खाली बसला.

"मी शब्द देल शे, बापू."

"शब्द ऱ्हाऊ दे. मी नाव लेस, तू मान हालाव. करणसिंग."

उदेसिंगने जमिनीकडे पाहिलं. मग मान हलवली.

"त्यानी सांगं, गिरधर बोटवर तापमा मरी गया. भाईदासनं काळीज फुटी जाई, रंजना पांढरं कपाळ लिसन बसी. एक पत्र दे दर वरीसले, पुण्य लागी. बापू, माले पुण्यच वाटनं हो ते."

६

फौजदारांची गाडी शहाद्याहून निघाली होती. त्या आधी दिलवरसिंग गिरधरच्या वावरात गेले. करणसिंग कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता. कोरे जोडे बांधावर काढून ठेवलेले. झिपरू आणि उदेसिंग पाटलांच्या मागे उभे राहिले.

"करणसिंग, चाल. दर्यावर जाऊत."

"काय म्हनतस, बापू?"

"तुन्हा पोया बांधेल शेतस. चारच शेत, पन चालतीन. माले दीव बेटवरन्या टरबूजन्या वाड्या दखाड."

करणसिंगने हातातली पऱ्हाटी खाली टाकली नाही, पण तो पुढचं झाडही उपटेना.

"आदला दिन सांजले तुन्ही बायकोनी दूध काढं, तू ठेवाले लायं. तुले माहीत व्हतं, जानं नही. भाईदास दीवले जाता, दमणले जाता, दारोदार इचारता. गिरधर नावना मानूस कोठेच नही असं त्याले समजतं. मंग घर ईसन तो तुले इचारता, मन्हा भाऊले तू कोनती गाडीमा बसाडं?"

"पोया दखीसन मानूसले फासी देतस का, बापू?" करणसिंग हसायला गेला. ते हसू तोंडातच राहिलं.

"नही देतस. म्हनीसन मी आठे उनू." दिलवरसिंग वावराच्या कोपऱ्याकडे वळले. तिथे नागोबाचा ओटा होता, शेंदूर फासलेला, भोवती बैलजोडी फिरेल एवढी जागा नांगराशिवाय सोडलेली. "तू हातभर बांधसाठे भाऊबंदसंगे भांडस. गोठाना नाग काठीघाई मारस. नि आठे अकरा वरीस नांगर नही घाला? झिपरू, कुदळ आन."

झिपरू जागचा हलला नाही. देवाच्या ओट्यावर कुदळ कोण मारणार? दिलवरसिंगांनी स्वतः कुदळ घेतली. पहिला घाव बसायच्या आत करणसिंगने कुदळीचा दांडा धरला.

"नका खांदू," तो म्हणाला. "मी सांगस."

करणसिंगचं वावर गिरधरच्या वावराला लागून होतं, आणि बांधावरून भांडण झालं होतं. गिरधर घर सोडून निघाला होता तो आधी वावर बघायला आला. बांध सरकलेला दिसला. करणसिंगच्या हातात फावडं होतं. "माले मारानं नव्हतं त्याले," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. भाईदासबद्दल तो तसं म्हणाला नाही.

ओट्याखाली वरच्याच थराला पत्र्याची डबी निघाली. पत्रं दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत, आणि देवाच्या जागी कोणी हात घालणार नाही, म्हणून नदीवरून आणून त्याने तिथेच पुरली होती. त्याखाली, दोन हातांवर, गिरधर होता.

बांधावर पावलं वाजली. रंजनाबाई आली होती. पदर डोक्यावरून खाली पडला होता आणि तिला तो उचलायची आठवण नव्हती. तिने हाडांकडे पाहिलं, मग ओट्याच्या दगडाकडे. दगडावर नागपंचमीच्या दुधाचे जुने पांढरे ओघळ होते.

"दर वरीसले मी आठे दूध वतू," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे.

फौजदारांनी दिलवरसिंगांचा कागद घेतला. त्यात रंजनाबाईचं नाव होतं, पण जिथे गावाला हवं होतं तिथे नव्हतं. साक्षीदार म्हणून होतं. आणि 'गिरधर पाटील याची पत्नी' या जागी दिलवरसिंगांना 'विधवा' लिहावं लागलं. तो एक शब्द लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

७

रंजनाबाईने बांगड्या फोडू दिल्या नाहीत.

न्हावीण आली, भावकीतल्या बायका आल्या. "मी जठून त्या पत्रं उनात म्हनेत, तठे जाई उतारसू," एवढंच ती बोलली. हाडं सापडलेल्या नवऱ्याच्या बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या. गावाने तोंडात बोटं घातली. वर्षभर तिला कोणी लग्नाकार्याला बोलावलं नाही. पार्वतीबाईने मात्र कधी शब्द काढला नाही. ज्या जावेवर तिने बोट रोखलं होतं, तिच्या ताटात ती आता आधी वाढायची.

करणसिंगला धुळ्याला जन्मठेप झाली. पुढचा पौष आला. पार्वतीबाईने गुडघे चोळत दिलवरसिंगांना निरोप धाडला: तेस्ना बेत व्हता, बापू, तो मोडाना नही.

तिघं निघाले. दशम्या पार्वतीबाईने केल्या, दुधातल्या. दिलवरसिंगांच्या वाट्याच्या वेगळ्या फडक्यात बांधल्या. दोंडाईचाहून सुरत, सुरतेहून टांग्याने डुमस.

वाळू काळी होती. पाणी लांब गेलेलं होतं. ओल्या काठावर एक कोळीण टोपली घेऊन शिंपले वेचत होती. हवा खरंच उबदार होती, तेवढं पत्रात खोटं नव्हतं. रंजनाबाई तिच्यापाशी गेली.

"बाई, आठे वाळूमा टरबूज लावतस का?"

कोळणीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती पोट धरून हसली. "अहीं? आ खारामां? ना रे बेन!"

रंजनाबाईने मान हलवली. जणू एवढंच ऐकायला ती इथवर आली होती. ती वाळूत बसली आणि ओल्या वाळूने मनगटं चोळून एकेक बांगडी काढली. फोडली एकही नाही. बाराही बांगड्या एका ओळीत मांडून ती बाजूला बसली. पार्वतीबाई तिच्याजवळ जाऊन बसली. 

दुपारी पाणी आलं. आधी दिसत नव्हतं, मग होतं. बांगड्यांपाशी आलं, त्यांना हलवलं, आणि घेऊन गेलं.

दिलवरसिंग मागे उभे होते. सकाळी ते जिथे उभे राहिले होते, तिथे आता गळ्याइतकं पाणी होतं. नर्स म्हणाली होती अगदी तसंच.

"कोठेच नही लावतस वं जसोदा," ते म्हणाले. "कोठेच नही."